दलदल ठरवलेले वाइकिकी

१/
हवाई बेटांचे नाव काढताच जे चित्र डोळ्यांसमोर येते, ते बहुधा ओआहू बेटावरील वाइकिकीचे असते. पांढुरकी पुळण, माडांची रांग, फळीवर उभा राहून लाटेवर स्वार झालेला तरुण आणि मागे डायमंड हेड या मृत ज्वालामुखीचा कडा. विसाव्या शतकात अनेक बेटांनी पर्यटकांसाठी स्वतःला सजवले, तेव्हा नमुना म्हणून हेच चित्र त्यांच्यासमोर होते. मात्र या चित्रातील जमीन, वाळू आणि पाणी यांपैकी फारच थोडे मूळचे उरले आहे. हा बदल कोणी घडवला, कशाचे निमित्त करून घडवला आणि त्याची किंमत अजून कशी फेडली जात आहे, याचा हा धागा. 🧵

२/
सुरुवात नावापासून. हवाईयन भाषेत 'वाई' म्हणजे गोडे पाणी आणि 'वाइकिकी' म्हणजे उसळते पाणी. (कृष्णाकाठच्या वाईशी याचा संबंध निव्वळ योगायोगाचा!) आज समुद्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जागेला नाव मिळाले ते गोड्या पाण्यावरून. कोओलाऊ डोंगररांगेवर पडणारा पाऊस माकिकी, मानोआ आणि पालोलो या तीन खोऱ्यांतून खाली येई. सपाटीवर तो पसरे, झऱ्यांच्या रूपाने जागोजागी वर येई आणि शेवटी तीन मुखांनी समुद्राला मिळे. किनाऱ्यालगत वाळूचा चिंचोळा पट्टा आणि त्यामागे शेकडो एकरांचे पाणथळ. जुन्या काळी या किनाऱ्यालाच नव्हे, तर डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या साऱ्या मुलखाला वाइकिकी म्हणत.

३/
या पाणथळात काय पिकत होते? अळू. महाराष्ट्रात ज्याच्या पानांची फतफते आणि अळुवडी होते, तीच ही वनस्पती. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी ती आपल्या होड्यांतून या बेटांवर नेली. तेथे तिचे नाव 'कालो'. तिच्या कंदाला उकडून, कुटून केलेला 'पोई' हा लगदा हे हवाईयनांचे मुख्य अन्न. कथा अशी आहे की वाकेआ या आकाशपित्याचे पहिले मूल मृत जन्मले. त्याला पुरले तेथून अळू उगवले. नंतर जन्मलेला दुसरा मुलगा हा माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. त्याने खाऊ घालायचे आणि धाकट्याने त्याची निगा राखायची.

४/
ही निगा म्हणजे केवळ श्रद्धेचा भाग नव्हता; ते अतिशय काटेकोर जलव्यवस्थापन होते. वाइकिकीतील पाटांच्या जाळ्याचे श्रेय परंपरा पंधराव्या शतकातील कालामाकुआ या राजाला देते. ओढ्याचे पाणी बांध घालून पाटात वळवायचे, पाटातून खाचरात सोडायचे, एका खाचरातून दुसऱ्यात न्यायचे आणि उरलेले पुन्हा ओढ्याला परत करायचे. पाणी साचू द्यायचे नाही, कारण साचून तापलेल्या पाण्यात अळवाचा कंद कुजतो.

५/
या रचनेचा आणखी एक परिणाम होता, आणि पुढचे सारे समजण्यासाठी तो लक्षात ठेवणे आवश्यक आहे. पावसाळी पाण्याबरोबर डोंगरातून येणारा गाळ या खाचरांत बसे. खाचरांखाली, समुद्राजवळ मत्स्यतळी होती; वरून येणाऱ्या पोषक पाण्यावर तेथे मासे वाढत. समुद्राला मिळेपर्यंत पाणी बरेचसे निवळलेले असे, म्हणून किनाऱ्यालगतचे प्रवाळ टिकून राहत. पूर आला तरी पसरायला शेकडो एकर जागा होती. गाळणी, कोठार आणि पुराची उशी ही तिन्ही कामे एकच जमीन करत होती.

६/
१७९५ मध्ये कामेहामेहा पहिला याने ओआहू जिंकले, तेव्हा त्याच्या युद्धनौका याच किनाऱ्याला लागल्या. पुढेही राजघराण्यातील मंडळींची घरे येथील माडांच्या राईत होती. मात्र एकोणिसाव्या शतकात परकी जहाजांबरोबर आलेल्या साथींनी मूळ हवाईयनांची संख्या झपाट्याने घटवली. १८९० च्या जनगणनेत मिश्रवंशीय धरूनही ते सुमारे ४० हजारच उरले होते. अळवाची खाचरे कसायला माणसे राहिली नाहीत.

ती खाचरे ओस मात्र पडली नाहीत. उसाच्या मळ्यांवरील करार संपलेल्या चिनी मजुरांनी ती खंडाने घेतली, तेच पाट वापरून भात लावले, बदके पाळली. १८९० च्या दशकात एकट्या वाइकिकीत ५०० एकरांहून अधिक जमीन भाताखाली होती. पीक बदलले, कसणारे बदलले. पाण्याचे वळण तेच राहिले.

७/
मग आले १८९३ साल. जानेवारीत अमेरिकन वंशाच्या व्यापाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी, अमेरिकन नौसैनिकांच्या उपस्थितीत, राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले. या कटाच्या सूत्रधारांपैकी एक होता लॉरिन थर्स्टन. त्याची दुसरी ओळख कमी लोकांना ठाऊक असते: तो हवाईयन पर्यटनाच्या आद्य प्रचारकांपैकी एक होता. किलाउएआ ज्वालामुखीच्या काठावरील हॉटेलात त्याची गुंतवणूक होती आणि ज्या वर्षी राणीची सत्ता गेली, त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याने किलाउएआचे भव्य वर्तुळाकार चित्र तिकीट लावून दाखवले.

८/
सत्तांतरानंतरच्या प्रजासत्ताकाने १८९६ मध्ये एक कायदा केला. वरवर पाहता तो सार्वजनिक आरोग्याचा होता. एखादी जमीन आरोग्यास अपायकारक आहे असे आरोग्य मंडळाने ठरवले, की मालकाने ती स्वखर्चाने भराव घालून सुधारायची. त्याने तसे केले नाही तर सरकार ते काम करणार, खर्चाचा बोजा जमिनीवर चढवणार आणि बोजा फिटला नाही तर जमीन विकणार. कायद्यात पर्यटनाचा उल्लेख नव्हता. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे खालसा केली, तरी हा कायदा कायम राहिला.

९/
आरोग्याची भीती मात्र खोटी नव्हती. १८९४ मध्ये हाँगकाँगला आणि १८९६ मध्ये मुंबईला पोहोचलेली प्लेगची जागतिक साथ १८९९ च्या अखेरीस होनोलुलूत दाखल झाली. रॅंडच्या पुण्यातील घरझडत्या मराठी वाचकाला परिचित आहेत. होनोलुलूत आरोग्य मंडळाने चिनी वस्तीतील प्लेगग्रस्त घरे जाळण्याचा मार्ग पत्करला. २० जानेवारी १९०० रोजी वाऱ्याने आग हाताबाहेर गेली आणि जवळजवळ सारी चिनी वस्ती भस्मसात झाली. हजारो लोक बेघर झाले. या घटनेनंतर 'अनारोग्यकारक' या शब्दाला होनोलुलूत जे वजन आले, ते पुढची कित्येक वर्षे उतरले नाही. चिनी शेतकऱ्याच्या पाण्याने भरलेल्या खाचराकडे पाहण्याची दृष्टीही त्याच शब्दाने घडवली.

१०/
खाचरांविरुद्धचा मुख्य आरोप डासांचा होता. येथे इतिहासाने केलेली थट्टा पाहण्यासारखी आहे. १८२६ पूर्वी हवाई बेटांवर डासच नव्हते! त्या वर्षी 'वेलिंग्टन' नावाचे जहाज मेक्सिकोहून माउई बेटावरील लाहाइना बंदरात आले आणि त्याच्या पिंपांतील शिळ्या पाण्याबरोबर डासांच्या अळ्या बेटावर उतरल्या. त्या डासांनी पुढे पक्ष्यांमधील हिवताप पसरवला. सखल प्रदेशातील अनेक मूळ पक्षी त्यामुळे नष्ट झाले. म्हणजे शतकानुशतके वाहत्या पाण्यावर जगलेल्या पाणथळाला ज्या कीटकासाठी दोषी ठरवले गेले, तो स्वतः जहाजातून आलेला पाहुणा होता.

११/
११ मार्च १९०१ रोजी वाइकिकीच्या वाळूवर मोआना हे पहिले मोठे हॉटेल उघडले. १९०३ मध्ये बेटांच्या प्रचारासाठी समिती स्थापन झाली. हॉटेलाच्या पुढच्या सज्जातून निळा समुद्र दिसे. मागे मात्र भातखाचरे, बदके, चिखल आणि डास. शेजारूनच आपुआकेहाऊ ओढा समुद्राला मिळत होता. पर्यटनाच्या जाहिरातीत बसेल असा हा शेजार नव्हता.

१२/
१९०६ मध्ये आरोग्य मंडळाचे अध्यक्ष ल्युशियस पिंकम यांनी वाइकिकीच्या 'उद्धारा'चा अहवाल सादर केला. ओढे अडवणारा एक मोठा कालवा खोदावा, निघालेल्या मातीने पाणथळाची पातळी उंचवावी, असा तो प्रस्ताव. अहवाल आरोग्य अधिकाऱ्याचा असला, तरी त्याची दृष्टी आरोग्यापुरती नव्हती. उद्धारानंतर येथे खाजगी संपत्ती असलेले सधन लोक वसतील असे निवासस्थान उभे राहावे, हे त्यात पुरेसे उघडपणे मांडले होते. जे तेथे आधीच राहत होते, त्यांचे काय, याची चिंता अहवालाला नव्हती.

१३/
पहिला मोठा भराव मात्र लष्कराने घातला. १९०८ च्या सुमारास, किनारी तोफखान्यासाठी घेतलेल्या जमिनीवरील मत्स्यतळी समुद्रातून उपसलेला गाळ व प्रवाळ ओतून बुजवण्यात आली. आजच्या फोर्ट डेरुसीची हिरवळ त्या तळ्यांवर आहे.

१४/
पिंकम १९१३ मध्ये हवाईचे राज्यपाल झाले आणि त्यांच्या आराखड्याला राजकीय बळ मिळाले. काम प्रत्यक्ष सुरू झाले १९२१ मध्ये. कंत्राट मिळाले वॉल्टर डिलिंगहॅम यांच्या हवाईयन ड्रेजिंग कंपनीला, जिने पूर्वी पर्ल हार्बरचा तळ उपसला होता. १९२८ पर्यंत सुमारे २५० फूट रुंदीचा आणि जवळजवळ दोन मैल लांबीचा कालवा पूर्ण झाला. माकिकी, मानोआ आणि पालोलो या तिन्ही खोऱ्यांचे पाणी त्याने समुद्रकिनाऱ्याआधीच तोडले. खालची खाचरे कोरडी पडली; खोदताना निघालेला माल आणि प्रवाळखडकाचा चुरा त्यांवर पसरवला गेला.

१५/
भराव फुकट नव्हता. तो मालकाच्या माथी खर्च म्हणून मारला जाई. ज्यांच्याकडे रोकड होती, त्यांच्या दलदलीचे भूखंड झाले आणि भाव चढले. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना विकावे लागले. खंडकरी चिनी आणि जपानी शेतकऱ्यांचा तर प्रश्नच नव्हता. खाचर गेले की खंडही गेला.

बॅरी नाकामुरा यांनी १९७९ मध्ये हवाई विद्यापीठात सादर केलेल्या एम.ए.च्या प्रबंधात ही सारी प्रक्रिया अभिलेखांतून उलगडून दाखवली आणि आरोग्याच्या युक्तिवादामागील जमिनीचे हितसंबंध समोर आणले. पदव्युत्तर प्रबंध कपाटात धूळ खातात, असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. वाइकिकीवर नंतर झालेल्या लेखनात त्याचा आधार पुन्हापुन्हा घेतला जातो.

१६/
'रिक्लेमेशन' हा शब्दच येथे तपासण्यासारखा आहे. त्याचा अर्थ परत मिळवणे. मुंबईकरांना तो बॅकबेमुळे ठाऊक आहे. ती योजना आणि हा कालवा एकाच दशकातले. मुंबईत निदान समुद्र हटवून जमीन मिळवली, असे म्हणता येत होते. वाइकिकीत जमीन आधीपासूनच होती, कसलेली होती, तिला मालक आणि कूळ होते. ती 'परत' कोणाला मिळाली?

१७/
१ फेब्रुवारी १९२७ रोजी रॉयल हवाईयन हे गुलाबी रंगाचे, ४०० खोल्यांचे हॉटेल थाटात उघडले. जागा निवडली होती हेलुमोआची, म्हणजे ओआहूच्या राजांच्या माडराईची. हॉटेलामागे होती मॅटसन ही जहाज कंपनी. बोटीने आणायचे आणि हॉटेलात उतरवायचे, असा दुहेरी व्यवसाय. १९२५ मध्ये कालव्याच्या नावासाठी स्पर्धा झाली होती आणि नाव निवडले गेले 'अला वाई', गोड्या पाण्याची वाट. ज्या बांधकामाने गोड्या पाण्याच्या साऱ्या वाटा बंद केल्या, त्याला हे नाव.

१८/
आता या बांधकामातील एक तपशील पाहू, कारण पुढची शंभर वर्षे त्यावर फिरली. मूळ आराखड्यात कालव्याला दोन तोंडे होती. एका बाजूने पाणी आत यावे, दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे, म्हणजे ते हलते राहील. पण दुसरे तोंड कापाहुलूच्या बाजूला उघडले असते, तर प्रवाहाबरोबर कालव्यातील घाण नेमकी हॉटेलांच्या पुळणीवर आली असती. ते तोंड खोदलेच गेले नाही. पुळण वाचली आणि कालव्याचे एक टोक कायमचे बंद राहिले.

साचलेले पाणी अनारोग्यकारक म्हणून वाहती खाचरे बुजवली आणि त्यांच्या जागी दोन मैलांचे साचलेले पाणी तयार केले, हा अला वाईचा सारांश.

१९/
पूर्वी खाचरांत बसणारा गाळ आता कालव्याच्या तळाशी बसू लागला. दर काही दशकांनी तो उपसावा लागतो. वरच्या खोऱ्यांत शहर वाढले, तसे गाळाबरोबर रस्त्यांवरचे तेल, कचरा, कीटकनाशके आणि जड धातूही येऊ लागले. आज कालव्यात वल्हवणारे होडीपटू दिसतात. पाण्यात उतरणारे दिसत नाहीत.

२०/
पुळणीची कथा याहून विलक्षण. वाइकिकीची मूळ वाळू म्हणजे लगतच्या प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा. हॉटेले आणि बंगले वाळूच्या हलत्या पट्ट्यावरच बांधले गेले. लाटा पायाशी येऊ लागल्यावर भिंती घातल्या गेल्या. लाट उतरत्या वाळूवर विरते. भिंतीवर आपटली की परत फिरताना वाळू ओढून नेते. जागोजागी भिंती, आणि भिंतींपुढून वाळू गायब, असे चित्र १९२० च्या दशकातच दिसू लागले. उपाय म्हणून समुद्रात आडवे बांध घालण्यात आले. रॉयल हवाईयनलगतचा असाच एक बांध १९२७ चा. तो खिळखिळा झाल्याने २०२० मध्ये त्याच्या जागी नवा बांधावा लागला.

तरीही वाळू पुरेना, म्हणून ती बाहेरून आणली गेली: ओआहूच्या इतर किनाऱ्यांवरून, शेजारच्या मोलोकाई बेटावरून. एका बेटाची पुळण सजवायला दुसऱ्या बेटाची पुळण खरवडली गेली. २०१२ मध्ये समोरच्या उथळ समुद्राच्या तळातून सुमारे २४,००० घनयार्ड वाळू पंपाने ओढून किनाऱ्यावर पसरवण्यात आली. तीही टिकली नाही; २०२१ मध्ये पुन्हा तेच करावे लागले.

२१/
१९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले आणि त्याच वर्षी जेट विमाने येऊ लागली. त्या वर्षी हवाईत सुमारे २.४ लाख पर्यटक आले. १९६७ मध्ये हा आकडा दहा लाखांपलीकडे गेला आणि २०१९ मध्ये एक कोटीच्या वर. यांतील फार मोठा हिस्सा वाइकिकीच्या जेमतेम दीड चौरस मैलांत उतरतो. इतक्या लोकांचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या नळांचे जाळे त्याच भरावाखाली आहे.

२२/
मार्च २००६. ओआहूवर आठवड्यामागून आठवडे पाऊस कोसळत होता. २४ मार्चला वाइकिकीतील सांडपाण्याची मुख्य वाहिनी फुटली. मैला हॉटेलांच्या रस्त्यांवर येऊ नये, म्हणून प्रशासनाने तो कालव्यात वळवला. पाच-सहा दिवसांत सुमारे ४.८ कोटी गॅलन कच्चे सांडपाणी अला वाईत गेले. कालव्याच्या मुखाशी असलेल्या बोटींच्या धक्क्यावर पाण्यात पडलेला एक माणूस जिवाणूसंसर्गाने दगावला. पुळणीवर सूचना लागल्या: पाण्यात जाऊ नये.

१९०६ चा अहवाल ज्या भीतीवर उभा होता, ती भीती शंभर वर्षांनी, त्याच अहवालातून निघालेल्या कालव्यात खरी ठरली.

२३/
उरला पूर. पसरायला जागा नसलेले पाणी कोठे जाते, हे ३० ऑक्टोबर २००४ च्या रात्री दिसले. मानोआ ओढा फुगला, पुलाशी अडला आणि विद्यापीठाच्या आवारात शिरला. हॅमिल्टन ग्रंथालयाचा तळमजला बुडाला. तेथे होते सरकारी दस्तऐवज, जुने नकाशे आणि विमानातून घेतलेली बेटांची छायाचित्रे. पाणी पूर्वी कोठून वाहत होते हे सांगणारे कागदच पाण्याने नेले. काही गोठवून, वाळवून वाचवता आले, बरेच गेले.

२४/
अमेरिकन लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाच्या अंदाजानुसार मोठा पूर आला, तर अला वाईच्या पाणलोटात ३,००० हून अधिक इमारतींना झळ बसेल आणि नुकसान एक अब्ज डॉलरांपलीकडे जाईल. त्यावर सुचवलेल्या उपायांत कालव्याकाठच्या भिंतींबरोबर वरच्या खोऱ्यांत पाणी अडवणारी धरणवजा तळी होती. मानोआ आणि पालोलोच्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. खाली हॉटेले वाचवायला वर आमचे ओढे का बांधायचे, हा त्यांचा सवाल होता. १८९६ पासून वाइकिकीच्या सुधारणेचा खर्च कोणी सोसायचा हा वाद चालू आहे. पक्षकार तेवढे बदलत गेले.

२५/
त्याच मानोआ ओढ्याच्या काठी, विद्यापीठाला लागून, कानेवाई नावाची जागा आहे. १९८० च्या सुमारास काही विद्यार्थ्यांना तेथील झाडोऱ्यात एका जुन्या पाटाचा माग सापडला. त्यांनी तो साफ केला, ओढ्याचे पाणी पुन्हा वळवले आणि खाचरे बांधली. आज तेथे अळवाचे अनेक हवाईयन वाण लावले जातात आणि शाळेतील मुले गुडघाभर चिखलात उतरून खाचरे तुडवतात. एका टोकाने आत आलेले पाणी दुसऱ्या टोकाने ओढ्याला परत मिळते आणि तेथून अला वाईकडे निघते.